महाराज, जरा आवरतं घ्या

मागच्या थंडीत एका मित्राच्या वडिलांच्या दशक्रियेला गेलो होतो, प्रवरेच्या काठी. सकाळचे आठ वाजले असतील. घाटावर सतरंज्या टाकलेल्या, त्या दवानं ओल्या, त्यामुळं निम्मी माणसं उकिडवी बसलेली आणि निम्मी मागं गाड्यांना टेकून मोबाईल बघत उभी. खाली पाण्याजवळ भावकीतली मंडळी पिंडाच्या तयारीत, एका कडेला केस काढायला बसलेल्यांची रांग, आणि वर खुर्चीवर पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट आणि फेटा अशा वेशात एक म्हातारे महाराज प्रवचन करत होते. सत्तरी ओलांडलेली, आवाज बसलेला, पण शब्द एकदम स्वच्छ. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायातली ओवी घेतली होती त्यांनी. उपजे ते नाशे, नाशले पुनरपि दिसे, हे घटिकायंत्र जैसे... आणि तेवढ्यात तीन पांढऱ्या गाड्या धूळ उडवत आल्या. एक पोरगा वाकून महाराजांच्या कानाशी लागला, पण माईक समोरच असल्यामुळं अख्ख्या घाटाला ऐकू गेलं, "महाराज, जरा आवरतं घ्या, साहेब आलेत, त्यांना अजून दोन ठिकाणी जायचंय." महाराजांनी ओवी होती तिथं सोडली, हात जोडले, "पुंडलिक वरदे" म्हणाले आणि उठले. उठलेच, कारण ती खुर्चीही साहेबांना लागणार होती.

'परिभ्रमे गा', एवढाच चरण राहिला होता.

साहेबांचे दोन शब्द मग बराच वेळ चालले. त्यात मयताचं नाव एकदा चुकलं, ते शेजारच्यानं दुरुस्त केलं, मग रस्त्याच्या कामाचा विषय निघाला, असो. मला राग आला असं म्हणता येणार नाही, कारण असल्या गोष्टींची आपल्याला आता सवय झालीय. पण घरी येईपर्यंत तो अर्धा राहिलेला चरण डोक्यात वाजत होता आणि त्या महाराजांचा चेहरा काही केल्या जाईना, कारण त्या चेहऱ्यावर अपमान वगैरे काही नव्हतंच. धोतराचा सोगा सावरला, चष्मा पुसला आणि बाजूला जाऊन चहा प्यायले ते. मी संध्याकाळी मामाला फोन करून हे सांगितलं तर मामा हसला, म्हणाला, "अरे, नशीब म्हण बोलून तरी दिलं. मला एका घाटावर सांगितलं होतं की महाराज, कावळा शिवेपर्यंतच बोला."

मामा कीर्तनकार आहे, हे सांगायचं राहिलं. आईचा चुलतभाऊ. घरातले सोडले तर त्याला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही, सगळ्यांचे ते 'महाराज', आणि मामी सुद्धा चारचौघांत 'महाराज घरी नाहीत' असंच म्हणते. सत्तरच्या दशकात, मिसरूड फुटायच्या आत तो आळंदीला गेला. जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली वारकरी शिक्षण संस्था, चार वर्षांचा अभ्यास, फी नाही, आणि दुपारी झोळी घेऊन गावात माधुकरी मागायची. पाठांतर म्हणजे काय ते मी मामाकडं बघून शिकलो, म्हणजे शिकलो नाही, नुसतं बघितलं. त्याला तुकोबांचा कुठलाही अभंग मधूनच सुरू करून द्या, तो पुढचाही म्हणतो आणि मागचाही. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या, त्यातली कुठली कुठल्या अध्यायात, हे तो जेवताना आमटीचा भुरका मारता मारता सांगतो. आणि तोच माणूस गॅसचा नंबर लावायला मला फोन करतो.

लहानपणी सुट्टीत त्याच्याकडं गेलो की मी टाळकऱ्यांच्या रांगेत उभा राहायचो, एकदम शेवटी, सगळ्यात छोटे टाळ घेऊन. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीय, दोन तास उभं राहून पोटऱ्या अशा भरून येतात की शेवटी शेवटी माणूस अक्षरशः झोपतो आणि हात मात्र वाजवत राहतात. रात्रीचे नऊ, पत्र्याचा मंडप, ट्यूबलाईटला लागलेले किडे, समोर बायकांच्या बाजूला झोपलेली पोरं. मृदंगवाला आधीच येऊन बसलेला असायचा आणि स्टीलच्या वाटीत कणीक मळत असायचा, ती अंगठ्यानं दाबत दाबत मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापायची, मग थाप मारून बघायची, आवाज पोटातून आला की तो मान हलवायचा. कमी वाटली की परत पाण्याचं बोट. मला कीर्तनापेक्षा तेच बघायला आवडायचं खरं. कीर्तन संपल्यावर तो ती कणीक खरवडून काढायचा आणि बाहेरच्या कुत्र्याला टाकायचा.

मग मामा उभा राहायचा. 'जय जय रामकृष्ण हरी'ची चाल चढत जायची, 'सुंदर ते ध्यान' व्हायचं आणि मग सेवेचा अभंग. माझ्या आठवणीतला मामा म्हणजे आवाजापेक्षा त्याचा तो उजवा हात आहे. प्रमाण, म्हणजे मुद्द्याला आधार म्हणून संतांची ओळ, देताना तो निम्मा चरण म्हणायचा आणि हात मागं टाळकऱ्यांकडं न्यायचा, आणि पुढचा निम्मा मागून यायचा, पंधरावीस गळ्यांतून एकदम. बघितलं नाही, सांगितलं नाही, ठरवलं नाही. आपण म्हणतो महाराजांचं कीर्तन, पण ते एकट्याचं नसतंच, त्याचा निम्मा भाग कायम मागच्या माणसांच्या तोंडात असतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं. कळलं २०२० ला, जेव्हा सगळे सप्ताह बंद झाले, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुकासुद्धा एसटीनं पंढरपूरला गेल्या, आणि कुणीतरी मामाला म्हणालं की महाराज तुम्ही मोबाईलवर लाईव्ह करा. भाच्यानंच, म्हणजे मीच, व्हिडिओ कॉलवरून त्याला सगळं सेट करून दिलं. पडवीत तांदळाच्या डब्यावर फोन उभा केलेला, मागं विठ्ठलाचा फोटो, समोर मामी आणि शेजारची दोन माणसं लांब लांब बसलेली. मामानं सवयीनं निम्मं प्रमाण सोडलं आणि हात मागं नेला. मागं भिंत. तो एक क्षण थांबला आणि मग उरलेलं स्वतःच म्हणाला, हळू, जरा ओशाळल्यासारखं. दोनतीन वेळा असं झाल्यावर त्यानं प्रमाणं देणंच कमी केलं आणि नुसतं बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "हे कीर्तन नाही रे, हे प्रवचन झालं, आणि तेही धड नाही."

त्या वर्षी त्याच्या मृदंगवाल्यानं डाळिंबाच्या बागेत रोजानं काम केलं. बोटांना काटे लागून वाजवायचे हात खराब झाले म्हणून मामी हळहळत होती. मृदंगवाल्याचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणाला, बागेत संध्याकाळी रोख पैसे मिळतात, कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

तर पैशाचा विषय. हा विषय आपल्याकडं कुणी सरळ बोलत नाही. सप्ताहात शेवटी काल्याच्या कीर्तनानंतर, दहीहंडी फुटल्यावर, सगळे पंगतीला पळत असताना कमिटीतला एक माणूस महाराजांना बाजूला घेतो, खांद्यावर हात टाकल्यासारखं करतो आणि पाकीट त्यांच्या हातात नाही, त्यांच्या झब्ब्याच्या खिशात सरकवतो. महाराजांनी त्याकडं बघायचं नाही. उघडायचं तर नाहीच. घरी येऊन मामीनं उघडायचं. मी मामीला असं पाकीट उघडताना कितीतरी वेळा बघितलंय, ती आधी बाहेरून चाचपते, मग आत फुंकर मारते. कधी आतमध्ये ठरल्याच्या निम्मे असतात, म्हणजे ठरलेलं काही नसतंच म्हणा, 'महाराज तुमचा योग्य तो मान ठेवू' एवढंच बोलणं झालेलं असतं. एकदा नुसता नारळ आणि टॉवेल आला होता. येताना बसचं तिकीट, टाळ घेऊन गेलेल्या दोन पोरांचा चहा-वडा, सगळं मामाच्या खिशातून. मामी एरवी फार बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "ह्यांनी जगाला परमार्थ सांगायचा आणि प्रपंच तेवढा माझ्या वाट्याला." दोन म्हशींचं दूध डेअरीला घालून तिनं पोरांची शिक्षणं केली, हे गावात सगळ्यांना माहितीय आणि कुठल्याही सत्कारात कुणी म्हणत नाही.

आणि मानधनाचं नाव काढलं की लोक तुकोबांना पुढं करतात. जेथे कीर्तन करावे, तेथे अन्न न सेवावे. बुक्का लावू नये भाळा, माळ घालू नये गळा. तट्टावृषभासी दाणा, तृण मागो नये जाणा. म्हणजे घोड्याला दाणा आणि बैलाला वैरणसुद्धा मागायची नाही, आजच्या हिशोबानं गाडीत पेट्रोलसुद्धा नाही. हा अभंग मी व्हॉट्सअ‍ॅपवर इतक्या वेळा वाचलाय, कुठल्याशा मोठ्या महाराजांच्या आकड्याची बातमी आली की ग्रुपवर पहिला हाच पडतो. आकडे खरंच मोठे आहेत, नाही असं नाही. गाडी, बाऊन्सर, तारखेसाठी वर्षभर आधी मॅनेजरशी बोलणं, हे सगळं चालतं आणि ते बघून मलाही कसंतरी होतं. पण या अभंगाचा शेवट बघा. तुका म्हणे द्रव्य घेती, देती तेही नरका जाती. घेणारा आणि देणारा, दोघंही. पोस्ट टाकणारे सगळे देणाऱ्यांतले असतात, वर्गणी भरणारे, पाकीट सरकवणारे, पण मी आजवर एकालाही 'आता आपलं काय होणार' म्हणून घाबरलेला बघितला नाही. आपल्याला तो अभंग महाराजांना लावायचाय फक्त.

शिवाय ज्यांना खरंच काही न घेता करता आलं त्यांच्याकडं जरा बघायला पाहिजे. सोनोपंत दांडेकर एस. पी. कॉलेजचे प्रिन्सिपल होते, तत्त्वज्ञान शिकवायचे. म्हणजे पोटाचा प्रश्न कॉलेजवर सुटलेला. गाडगेबाबांनी तर प्रपंचच मागं टाकला, हातात खराटा, अंगावर चिंध्या, आधी गाव झाडायचं मग रात्री त्याच गावाला प्रश्न विचारत कीर्तन करायचं, आणि लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा. वांद्र्याचं त्यांचं १९५६ सालचं कीर्तन रेकॉर्ड झालेलं आहे, ऐका कधीतरी, त्यात ते बोलत नाहीतच फारसं, समोरच्यांकडूनच बोलून घेतात. पण गाडगेबाबा होणं हे काय कुणाला नेमून देता येतं का? मामाला तीन एकर, त्यातलं दीड जिरायत. खुद्द तुकोबांच्या घरात काय चाललं होतं ते आवलीला विचारलं असतं तर तिनं मामीसारखंच काहीतरी सांगितलं असतं, असं मला आपलं वाटतं. आणि हे वाटत असतानाच दुसरीकडं हेही वाटतं की तुकोबांचं बरोबर आहे. पाकिटाकडं लक्ष गेलं की माणूस समोरच्याला बोचेल असं बोलत नाही. मामा स्वतः कबूल करतो की ज्या गावात दारूचं दुकान ज्याचं, तोच अन्नदाता, तिथं तो दारूवरचा अभंग घेत नाही. घेतला तर पुढच्या वर्षी तारीख नाही. हे तो हसत सांगतो, आणि मग विषय बदलतो.

मला यावर काय म्हणावं ते खरंच ठरवता येत नाही.

नेवासा आमच्याकडून जवळ, तोही प्रवरेच्याच काठी. ज्याला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात, त्या तिथल्या पैस खांबाशी गेलं की मला नेहमी एक गोष्ट गमतीची वाटते, की ज्ञानेश्वरी हे मुळात प्रवचनच आहे. शके १२१२ मधलं, समोर माणसं बसलेली, सच्चिदानंदबाबा लिहून घेतायत. आणि नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला माउली श्रोत्यांना काय म्हणतात, तरी अवधान एकले दीजे. फक्त लक्ष द्या, बाकी सगळं सुख मिळेल. म्हणजे तेव्हाही मागं बसून गप्पा मारणारे असणारच की! आणि सगळं सांगून झाल्यावर शेवटी ते मागतातसुद्धा, या वाग्यज्ञाने संतोष झाला असेल तर मला द्या म्हणतात. फक्त जे मागितलं ते सगळ्यांसाठी मागितलं, म्हणून आपण ते शाळेत म्हणतो. मामा हा मुद्दा कीर्तनात घेतो. त्याच्या तोंडून ऐकताना तो मला कधी फार मोठा वाटतो, आणि कधी, झोप आलेली असली की, चाळीस वर्षं तेच ऐकतोय असं वाटतं. खोटं कशाला बोलू.

कारण मामाचं कीर्तन आताच्या मानानं कंटाळवाणं आहे, हेही सांगून टाकतो. तो विनोद करत नाही. सुनेवर, सासूवर, कॉलेजच्या पोरींच्या ड्रेसवर बोलत नाही. अभंगाचा एकेक चरण घेतो, त्यावर प्रमाण, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, परत चरण. आता लोकांना रील कापता येईल असं वाक्य लागतं. स्टेजसमोर तीन चार स्टँड लावलेले असतात, यूट्यूबवाली पोरं डोळे मिटून बसलेल्या आजीच्या तोंडावर लाईट मारतात. एका गावात कमिटीवाल्यानं मामाला सरळ सांगितलं, "महाराज, ज्ञान तेवढं कमी ठेवा, जरा हसवा लोकांना." मामानं प्रयत्न केला म्हणे. एक जोक सांगितला, कुणी हसलं नाही, मग त्यानं त्याचा अर्थ समजावून सांगितला. हे मला त्याच्या टाळकऱ्यानं सांगितलं, आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि मला नंतर वाईट वाटलं. तारखांची डायरी असते त्याची, बँकेची फुकट मिळालेली, त्यात श्रावण आणि मार्गशीर्षाची पानं पूर्वी भरून वाहायची, खाडाखोड, बाणानं पुढचं पान. आता त्यात मधेमधे कोरे दिवस दिसतात. दशक्रिया आणि वर्षश्राद्धं तेवढी वाढलीत, कारण त्याच्या वयाचेच लोक जातायत.

आणि तरी. दोन वर्षांपूर्वी एका वर्षश्राद्धाला मी त्याला घेऊन गेलो होतो, जाणारा तरुण होता, ट्रॅक्टर उलटून गेलेला. मंडपात त्याची बायको पहिल्या रांगेत, मांडीवर चार वर्षांची मुलगी. मामानं 'आम्ही जातो आपुल्या गावा' घेतला. त्याच्यावर तो तासभर बोलतो हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी तो जवळजवळ बोललाच नाही. एक चाल धरली आणि तीच परत परत, कधी खाली कधी वर, टाळकऱ्यांना पण कळलं काय चाललंय ते, त्यांनी टाळ अगदी मिटवून वाजवले. ती बाई वर्षभर रडलेली नव्हती असं नंतर तिची जाऊ सांगत होती. त्या दिवशी रडली. मोठ्यानं, पदर तोंडात न कोंबता. मामानं थांबवलं नाही, घाई केली नाही, घड्याळ बघितलं नाही. गाडीत बसल्यावर मी काहीतरी कौतुक करायला लागलो तर म्हणाला, "एसी बंद कर रे, घसा धरतो," आणि ज्येष्ठमधाची कांडी तोंडात टाकून झोपला. त्या दिवशीचं पाकीट किती होतं मला माहीत नाही. ते कितीही असतं तरी कशाची किंमत म्हणून दिलं असतं, हे मात्र मला सांगता येणार नाही.

परवा आमच्या गावात सप्ताहाची मीटिंग झाली, मी मुद्दाम गेलो. मंडप, साऊंड, लाईट, जनरेटर, आचारी, मिरवणुकीला बँड, सगळे आकडे पाच मिनिटांत मंजूर झाले, कुणी घासाघीस केली नाही. मग महाराजांची यादी आली आणि अर्धा तास वाद. काल्याला नाव मोठं पाहिजे यावर एकमत, बाकीच्या सहा दिवसांत 'जवळचे कुणीतरी बघू'. मी म्हणालो, बँडवाल्याला जसं आधी बोलता तसं महाराजांनाही आकडा आधी सांगा, आणि मृदंगवाल्याचं वेगळं धरा. लगेच एक आजोबा म्हणाले, कीर्तनाचा भाव ठरवायचा नसतो, तुकोबा काय म्हणतात... मी शेवटची ओळ पूर्ण म्हणून दाखवली. जरा शांतता. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मग जाऊ की सगळेच नरकात, साऊंडवाल्याला पण घेऊ बरोबर!" आणि मीटिंग हसण्यावारी गेली. पण आकडा वहीत लिहिला गेला, मोठा नाही, तरी लिहिला. मृदंगाचा वेगळा. मामाला तिसरा दिवस मिळाला.

रात्री फोन करून सांगितलं. आकडा सांगितल्यावर तो काहीच बोलला नाही, मला वाटलं लाईन कट झाली. मग म्हणाला, "साऊंड कुणाचा आहे? मागच्या वर्षीचाच का? त्याला सांग एको कमी ठेव, एक शब्द कळत नाही माणसांना."